बारा फ्रॉकांचे बारा चोरखिसे

भर बुधवारी, दुपारी दोन वाजता थोरलीने दुकानाचं शटर खाली ओढलं, तेव्हा समोरच्या चप्पलवाल्याला वाटलं की या घरात कोणीतरी गेलं. त्याचं तरी काय चुकलं? शाळा उघडायला अकरा दिवस उरले होते, चारशे गणवेश कापून पडले होते, आणि अशा हंगामात हे दुकान सासरे वारले तेव्हासुद्धा अर्ध्या दिवसापेक्षा जास्त बंद राहिलं नव्हतं. तो धावत आला. "काही नाही, मशीनना तेल घालायचंय," असं सांगून थोरलीने त्याला वाटेला लावलं. सातही मशीनना एकाच वेळी तेल कशाला, हे त्याने विचारलं नाही. थोरलीला उलटं विचारायची पद्धत त्या गल्लीत नव्हती.

खरी गोष्ट अशी होती की सकाळी दवाखान्यात गुंडीचं रक्त घेतलं होतं आणि चार वाजता निकाल कळणार होता. गुंडी म्हणजे टाचणीची लेक, दीड वर्षाची. टाचणीला तिच्या आईकडून जन्मतःच एचआयव्हीची लागण झाली होती. आईला ती नवऱ्याकडून झाली होती. आणि तो नवरा, थोरलीचा धाकटा दीर, टाचणी तीन वर्षांची असतानाच सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर घेऊन निघून गेला होता. आता पाळी तिसऱ्या पिढीची होती. दीड महिन्याची असताना, सहा महिन्यांची असताना आणि वर्षाची झाल्यावर, तिन्ही तपासण्यांत गुंडीच्या रक्तात काही सापडलं नव्हतं. पण समुपदेशक ताईंनी बजावलं होतं, दीड वर्षाची तपासणी शेवटची. ती नीट झाली की पोरीचं नाव त्यांच्या यादीतून कायमचं कमी.

त्यामुळे सकाळपासून थोरली ज्याला त्याला टोकत होती; तिची भीती बाहेर शब्दांनी येत असे. नवरा कटिंगच्या टेबलाशी उभा राहून खाकी कागद कापत होता. कापड नाही, नुसता कागद. चाळीस वर्षं कात्री धरलेल्या माणसाला हात रिकामे ठेवता येत नव्हते. बोलणं त्याचं तसंही कमी, म्हणून सगळी गल्ली त्याला नावाऐवजी कटर म्हणत असे.

"काय कापताय?" थोरलीने विचारलं.

"काही नाही."

"मग मोठं कापा, निदान पुड्या बांधायला तरी होईल."

धाकटी, म्हणजे तिची विधवा जाऊ, टाचणीची आई, खिडकीपाशी खाली मान घालून बटणं लावत बसली होती. थोरलीने तिच्या हातातला सदरा ओढून पाहिला. सहा बटणांच्या पट्टीवर अकरा बटणं लागली होती.

"अगं धाकटे, हा सदरा आहे की हार्मोनियम?"

धाकटीने सदऱ्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. मग मशीनपाशी बसलेली टाचणीही हसली. टेबलाखाली कापडाच्या गठ्ठ्यावर गुंडी उताणी झोपली होती. तिच्या दंडाला कापूस दाबून लावलेली पट्टी होती. तिघींचं हसणं त्या पट्टीपाशी येऊन थांबलं.

तेवढ्यात शटरवर थाप पडली. साधी थाप नव्हे. तळहाताने पत्र्यावर दोनदा, मग थांबून एकदा. बसच्या पत्र्यावर हात मारून गाडी सोडणारं माणूसच अशी थाप मारतं. टाचणी उठून उभी राहिली.

"मोठी आई, आमच्या सासूबाई."

"इथं? आत्ता? काय सांगून आलीस तू घरी?"

"गुंडीला लस टोचायचीय म्हणून."

"मग?"

"मग मला काय माहीत?"

थोरलीने पदर खोचला, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू चढवलं आणि शटर वर केलं.

*

एकोणतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून निवृत्त झालेल्या त्या बाईला सगळं गाव कंडक्टरबाई म्हणत असे. आवाज असा की मागच्या दारातून बोलल्या तर चालकाच्या कानाशी बोलल्यासारखं वाटावं. पण आज त्या गप्पच आत आल्या. खांद्याला नोकरीतली चामडी पिशवी होती. स्टुलावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि टेबलाखाली झोपलेल्या नातीकडे बराच वेळ बघत राहिल्या. धाकटीला ते बघणं आवडलं नाही. तशा बघण्याची तिला चांगली ओळख होती.

"चहा टाकते," थोरली म्हणाली.

"चहा नको, विहीणबाई. एक विचारायला आले." कंडक्टरबाईंनी पिशवीतून गुंडीचा पिवळा फ्रॉक काढला, उलटा केला आणि कंबरेच्या आतली बाजू टेबलावर पसरली. "हा टाका तुमचाच ना?"

"माझाच. का? उसवला?"

"तुमचा टाका कुठला उसवतोय. मी सकाळी इस्त्री करत होते. हे बघा." त्यांनी कंबरपट्टीच्या आत बोट घातलं. बोट आत गेलं. अस्तराच्या मागे दोन बोटं रुंद, दीड बोट खोल असा खिसा होता, बाहेरून कोणाला दिसू नये असा. "चोरखिसा. म्हटलं असेल काहीतरी नवीन. मग बाकीचे काढले. बारा फ्रॉक, बारा चोरखिसे. विहीणबाई, दीड वर्षाच्या पोरीला चोरखिसा कशाला लागतो?"

थोरलीच्या तोंडाला तोंड द्यायला गल्लीत कोणी धजत नसे, पण आता तीच फ्रॉक जवळ ओढून खिशाच्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. धाकटीने जावेकडे पाहिलं आणि काय घडलंय ते तिच्या लख्ख ध्यानात आलं.

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. टाचणी चौदाची होती. रोज रात्रीच्या नऊच्या गोळ्या तिला "रक्त वाढायचं औषध" म्हणून मिळत. मग एक दिवस डबीवरचं नाव तिने शाळेतल्या संगणकावर शोधलं आणि घरी येऊन कोणाला काही न बोलता गोळ्या घेणं बंद केलं. चार महिने रोजची गोळी ती कोटाच्या खांद्यात भरायच्या गादीत खुपसत होती. कटरने एक खांदा उसवला तेव्हा आतून एकवीस गोळ्या टेबलावर सांडल्या. तोवर पोर तापाने फणफणली होती. समुपदेशक ताईंनी तेव्हा सगळ्यांना समोर बसवून चांगलं फैलावर घेतलं होतं. म्हणाल्या, मुलीला खरं सांगितलं नाहीत, तर ती गोळी का घेईल? मग टाचणीला सगळं सांगितलं गेलं. ती आठवडाभर कोणाशी बोलली नाही. आठव्या दिवशी तिने ताटावरूनच विचारलं, "सहलीला गेल्यावर गोळी कुठं ठेवू?" त्याच दुपारी थोरलीने तिच्या शाळेच्या स्कर्टच्या नेफ्यात पहिला चोरखिसा शिवला. त्यानंतर टाचणीचा एकही कपडा त्याच्याशिवाय या दुकानातून बाहेर पडला नाही. लग्नातल्या कपड्यांनाही होता.

आणि तिच्या लेकीचे फ्रॉक शिवताना थोरलीचे हात, डोक्याला न विचारता, तेच करत गेले होते.

"ती फॅशन आहे," थोरली अखेर म्हणाली. "हल्ली लहान मुलांच्या कपड्यांना..."

"विहीणबाई, मी एकोणतीस वर्षं लोकांची तोंडं बघून तिकीट आहे की नाही ते ओळखलंय," कंडक्टरबाई म्हणाल्या. "मग मी सूनबाईचे कपडे काढले. माझी चूक असेल, पण काढले. सगळ्यांना तोच खिसा. एकात ही सापडली." त्यांनी कागदात गुंडाळलेली एक गोळी फ्रॉकवर ठेवली. "औषधांच्या दुकानात दाखवली. तो म्हणाला, बाई, ही ज्याची आहे त्यालाच विचारा, मी सांगणार नाही. असं बोलल्यावर माझी काय अवस्था झाली असेल? आणि आता बघते तर पोरीच्या दंडाला पट्टी. लस मांडीत देतात, मला माहितीये." इथवर नीट आलेला त्यांचा आवाज फाटला. "माझ्या नातीला काय झालंय? कोणीतरी सांगा मला!"

कटरची कात्री थांबली. थोरलीने तोंड उघडलं. धाकटीला ठाऊक होतं की ती आता आणखी एक खोटं बोलणार, मग त्याला दुसरं जोडणार, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ते पाठ करावं लागणार. बावीस वर्षं या घराने तेच केलं होतं. तिला एकाएकी त्याचा वीट आला. ती उठली. पण तिच्याआधी तिची लेक बोलली.

"गोळी माझी आहे, अहो आई. गुंडीची नाही." टाचणी सासूसमोर येऊन उभी राहिली. "मला एचआयव्ही आहे. जन्मापासून."

*

कंडक्टरबाईंना तो शब्द माहीत होता. बस डेपोच्या भिंतीवर त्याचं पोस्टर होतं, त्याच्याखाली बसून त्या रोज डबा खात. पोस्टरवर लिहिलेलं सगळं त्यांनी कितीदा तरी वाचलं होतं, आणि आत्ता त्यातलं एक अक्षर आठवेना. दोन वर्षं आठ महिने ही मुलगी आपल्या घरात आहे, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. रोज नऊला स्वयंपाकघरात जाऊन दिवा न लावता पाणी पिते. आपल्याला वाटायचं, चोरून गोड खाते. आपण त्यावरून शेजारणींत हसायचो.

"माझ्या मुलाला माहितीये?"

"हो."

त्यांनी फोन लावला. मुलगा वायरमन होता. कुठल्याशा इमारतीत शिडीवर होता. "आधी खाली उतर," त्या म्हणाल्या, "आणि मग बोल." तो उतरेपर्यंत थांबल्या. मग एकच प्रश्न विचारला आणि फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"लग्नाआधी तिने मला दोनदा सांगितलं होतं," मुलाचा आवाज आला. "पहिल्यांदा मी ऐकून गुपचूप घरी आलो. आठवडाभर जेवलो नाही, तुला वाटलं कावीळ झालीय. दुसऱ्यांदा मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. ती औषध वेळेवर घेते, तिच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकासुद्धा सापडत नाही, तेव्हा तिच्याकडून मला होत नाही. मी दर सहा महिन्यांनी तपासतो. मला काही नाही, आई."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तू तिच्याशी वेगळं वागशील अशी भीती वाटली."

"वागले असते तर?"

"तर मला घर सोडावं लागलं असतं. मला ते नको होतं."

कंडक्टरबाईंनी फोन बंद केला. त्यांना राग आला होता आणि तो नेमका कोणाचा आलाय ते कळत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. हा मुका कटर, ही हसरी विहीण, ही खाली मान घालून बसणारी दुसरी विहीण, आपला पोटचा मुलगा. आपणच तेवढ्या बाहेर उभ्या.

"फसवलंत मला," त्या म्हणाल्या. "भरल्या घरात फसवलंत."

"फसवलं," थोरली म्हणाली.

तिच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती कंडक्टरबाईंच्या समोरच्या स्टुलावर बसली. चेहऱ्यावरचं पाहुण्यांसाठीचं हसू कधीच गेलं होतं.

"तुम्हाला राग यायलाच हवा. पण आता यापुढे काय काय करता येतं ते मी तुम्हाला सांगते, कारण मी ते सगळं केलंय. माझा दीर गेला, हिचं कळलं, आणि मी या धाकटीचं ताट वेगळं केलं. अंथरूण वेगळं. तिचं मशीन त्या मागच्या कोठीत नेलं आणि भिंतीकडे तोंड करून मांडलं, गिऱ्हाइकाला ती दिसू नये म्हणून. एकदा तिची सुई हरवली तर मी अख्खं दुकान तीनदा झाडून घेतलं, तिच्याकडून. तीन वर्षं चाललं हे. आणि काय झालं माहितीये? कोणालाही काही झालं नाही. एका ताटात जेवून काही होत नाही, एका सुईच्या टोचण्याला घाबरून माणूस कोठीत कोंडायचा नसतो, हे मला पोस्टर वाचूनही कळलं नव्हतं. फक्त ही टाचणी सहा वर्षांची झाली तेव्हा तिचं वजन अकरा किलो होतं. हे तिचं माप घ्यायचे, दोन वर्षं छाती तेवढीच, उंची तेवढीच. औषध सरकारी दवाखान्यात होतं, विहीणबाई. इथून पंधरा मिनिटांवर. मी नेऊ दिलं नाही. लोक बघतील म्हणून."

"जाऊबाई, पुरे," धाकटी म्हणाली.

"पुरे कशाला? एकदा तरी पुरं बोलू दे. ही तापात पडली, तू स्वतः उठू शकत नव्हतीस, म्हणून मला तिला उचलून न्यावं लागलं. उचलली तर गणवेशाच्या गठ्ठ्याएवढीही जड नव्हती. तेव्हा मला कळलं मी काय केलंय ते." थोरलीने नाक पुसलं. "घरी येऊन मी तिचं मशीन ओढत खिडकीत आणून ठेवलं, पण तोंडाने कधी म्हटलं नाही. आज म्हणते. चुकलं माझं, धाकटे. फार चुकलं."

धाकटी जागेवरच उभी होती. कात्री टेबलावर ठेवून कटर भिंतीकडे वळला आणि तिकडेच तोंड करून उभा राहिला.

"आणि हे बारा खिसे," थोरली रडत फ्रॉककडे हात करून म्हणाली, "हे मी ठरवून नाही हो शिवले. हाताने शिवले. पोरीलाही पुढं गोळ्या लागणार असं जणू मीच लिहून ठेवलं. आता चारला तसंच निघालं तर मी काय करू?"

कंडक्टरबाई ताठ झाल्या. "चारला काय?"

"गुंडीची शेवटची तपासणी आहे," टाचणी म्हणाली. "निकाल चारला मिळणार. पोटात असताना मी एक दिवस गोळी चुकवली नाही. जन्मल्यावर तिला सहा आठवडे औषधाचे थेंब दिले. तुम्हाला मी ते गॅसवरचे थेंब म्हणून सांगितलं होतं. आतापर्यंत सगळं नीट आलंय. आज नीट आलं की संपलं."

कंडक्टरबाईंनी सुनेकडे पाहिलं. गेल्या हिवाळ्यात त्या डेपोच्या पायऱ्यांवरून पडल्या आणि खुबा मोडला, तेव्हा दोन महिने याच मुलीने त्यांना आंघोळ घातली होती, न्हाणीत पाय धरून बसवलं होतं. त्या संकोचायच्या, तर ही म्हणायची, "डोळे मिटा, म्हणजे मी दिसणार नाही." त्या दोन महिन्यांत हिने काही दिलं असेल तर आपले चालते पाय परत दिले. डेपोच्या भिंतीवरचं पोस्टर त्यांना आता आठवलं. स्पर्शाने होत नाही, असं सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

राग गेला नव्हता. तो नंतर काढता येण्यासारखा होता.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"सव्वातीन."

"मग इथं माशा मारत कशाला बसलाय सगळे?" आवाज पहिल्यांदाच पूर्ण उघडला आणि गुंडी दचकून जागी झाली. "उठा! पोरीला मी घेते. विहीणबाई, डोळे धुवा, रस्त्यात लोकांना वाटेल आम्ही मारलंय तुम्हाला. अहो कटर, भिंतीला काय सांगताय? चला!"

*

सगळे पायीच निघाले, कारण रिक्षात इतकी माणसं मावली नसती आणि कोणीच मागे राहायला तयार नव्हतं. पुढे कंडक्टरबाई, कडेवर गुंडी. त्यांच्या मागे टाचणी. कटर एकटाच रस्त्याच्या पलीकडून चालत होता, ओळख नसल्यासारखा, पण पावलं बरोबर यांच्याच वेगाने. सर्वांत मागे दोघी जावा. टाचणीला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"बावीस वर्षं लावलीत, जाऊबाई."

"गणवेशाचे दिवस असतात, वेळ कुठं मिळतो?"

आई हसली. टाचणीने वळून पाहिलं नाही, पण ते हसणं तिने कधी ऐकलेलं नव्हतं. त्यात कसलाही सावधपणा नव्हता.

केंद्र म्हणजे दवाखान्यामागची बैठी इमारत. लांब व्हरांडा, लोखंडी बाकं, भिंतीला पाण्याचं पिंप. दहा-बारा माणसं बसलेली, प्रत्येक जण मध्ये एक जागा सोडून. इथे कोणी कोणाकडे बघत नसे. टाचणी एकोणीस वर्षं इथे येत होती आणि या बाकांवर तिने कोणाशी दोन शब्द बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसली होती, सतराअठराची, ओढणी नाकापर्यंत ओढलेली, दोन्ही हात पोटावर. बरोबर कोणी नव्हतं.

चारला पाच मिनिटं असताना वायरमन धापा टाकत आला, हाताला अजून काळी चिकटपट्टी. आईसमोर येऊन उभा राहिला आणि मान खाली घातली.

"घरी गेल्यावर बघते तुझ्याकडे," कंडक्टरबाई म्हणाल्या, आणि त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला.

दार उघडलं. समुपदेशक ताई बाहेर डोकावल्या, एवढी फौज पाहून थबकल्या. "आत दोघंच," त्या म्हणाल्या.

टाचणीने आईकडे पाहिलं. पहिली खेप सोडली तर एकोणीस वर्षं या दाराच्या आत तिच्याबरोबर आईच गेली होती. धाकटीने मान हलवली. "विहीणबाईंना ने," ती म्हणाली. "त्यांनी अजून काही ऐकलेलं नाही."

आत टेबल, तीन खुर्च्या, पंखा. ताईंनी पाकीट उघडलं. कंडक्टरबाईंनी गुंडीला घट्ट धरलं होतं. गुंडी त्यांच्या पिशवीचा बंद चावत होती.

"निगेटिव्ह," ताई म्हणाल्या. त्या रोज वेगवेगळी वाक्यं बोलून थकलेल्या बाई होत्या, पण हे वाक्य बोलताना त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "हिला काही नाही. शेवटची होती ही. आता आम्हाला हिचं तोंड दाखवू नका, फक्त खाऊ घेऊन आलात तर या."

"परत एकदा म्हणा," कंडक्टरबाई म्हणाल्या.

"निगेटिव्ह."

"आणखी एकदा."

ताईंनी तिसऱ्यांदाही सांगितलं. टाचणी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. सहाव्या वर्षी आपल्याला उचलून आणलं ते दार हेच, चौदाव्या वर्षी आपण ज्यांना शिव्या दिल्या त्या ताई ह्याच, आणि आपल्या शरीरात जे जन्मापासून बसलंय ते आपल्यापाशीच थांबलं. आपण थांबवलं. रोज नऊ वाजता, अंधारात, एकेक घोट पाण्याने. तिला हसूही येत होतं आणि दोन्ही एकाच वेळी जमत नव्हतं. सासूचा हात तिच्या पाठीवर पडला, जड, ताठ बोटांचा, सवय नसलेला. तो तिथेच राहिला.

"एक विचारू?" कंडक्टरबाई खाली वाकून म्हणाल्या. "बाहेर सांगू का सगळ्यांना?"

टाचणीने डोळे पुसले. "सांगा."

"नातीचं सांगते. तुझं राहू देते."

टाचणीने मान वळवली. खिडकीतून व्हरांडा दिसत होता. बाकांवरची माणसं, प्रत्येकाच्या शेजारी एक रिकामी जागा.

"माझंही सांगा," ती म्हणाली.

कंडक्टरबाईंनी दार ढकललं आणि गुंडीला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं. मग एकोणतीस वर्षं भरल्या गाडीत पोचत आलेला तो आवाज व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"निगेटिव्ह आहे! माझी नात निगेटिव्ह आहे! ही तिची आई, माझी सून. हिला जन्मापासून एचआयव्ही आहे, औषध घेते, ठणठणीत आहे, आणि हिची पोर निगेटिव्ह आहे! ऐकलंत का सगळ्यांनी?"

"हळू, अहो हळू," आतून ताई म्हणाल्या, पण त्या स्वतःच दारात उभ्या राहून हसत होत्या. धाकटी बाकावरून उठली ती तशीच थोरलीच्या गळ्यात पडली. वायरमन खांबाला टेकला आणि खाली बसला. कटर बाहेरून व्हरांड्यात आला, सगळ्यांच्या मधून नातीपर्यंत गेला, खिशातली टेप काढली आणि तिची उंची घेतली. "दोन बोटं वाढली," तो म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे सर्वांत लांब वाक्य. एका बाकावरच्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्या बाकावरून कोणीतरी, मग आणखी कोणी, आणि ज्या व्हरांड्यात कोणी खोकायलाही संकोचत असे तिथे टाळ्यांचा गलका झाला.

शेवटच्या बाकावरच्या मुलीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने ओढणी तोंडावरून खाली केली होती आणि ती वर धरलेल्या गुंडीकडे बघत होती, डोळे न मिटता.

टाचणीने सासूकडून लेकीला घेतलं. व्हरांडा ओलांडून ती शेवटच्या बाकापाशी गेली आणि मध्ये जागा न सोडता त्या मुलीच्या शेजारी बसली.

"कितवा महिना?" तिने विचारलं.